खुणांशिवायची तार

१२ डिसेंबर २०११, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. इतिहासकाराने दैनंदिनी ठेवलेली बरी असते, आणि आज सकाळी साडेनवापासून मी इतिहासकार आहे.

झालं असं, की तालुक्याच्या संस्कृती कार्यालयातली त्रुक नावाची मुलगी स्कूटरवरून आली. उत्तरेची आहे, हनोईकडची. पायात पांढरेशुभ्र बूट आणि आमच्या अंगणात घोटाभर चिखल. तिने बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साउ थिन काका तुम्हीच ना? भातगिरणीच्या फुटबॉल संघाचे चिटणीस?"

पंचवीस वर्षांनी मला कोणी चिटणीस म्हटलं. मी ताबडतोब शर्ट घातला.

तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणानंतर तालुका एक पुस्तिका काढणार आहे, शाळाशाळांतून वाटणार आहे. तीत आमच्या गावाच्या, राच मुओपच्या, भातगिरणी संघाचा इतिहास हवा. १९७८ ते १९८७, वीस पानं, आणि तेतच्या चार दिवस आधी हातात. मी म्हटलं, वीस पानांत नुसती प्रस्तावना होईल. ती म्हणाली, "मग प्रस्तावना नको काका."

ती गेल्यावर न्यान स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या नऊ वर्षांत तुम्ही एकदा तरी चेंडूला पाय लावला होता का?"

इतिहास पायाने लिहीत नाहीत, असं मी तिला सांगितलं. बायकोला नवऱ्याची किंमत नसते, हे काही आजचं नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार

पहिलं प्रकरण, 'उदय', पूर्ण. चांगलं झालं आहे.

आम्हाला सगळा जिल्हा 'फोलपटं' म्हणायचा. मैदान म्हणजे गिरणीचं भात वाळवायचं खळं. सामन्याआधी भात ओढून कडेला न्यायचं आणि मध्यंतरात बायका येऊन ते परतून जायच्या. जमिनीवर राहायचा तो सगळा तूस. बाहेरचा संघ आला की पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे चार जण उताणे. आम्ही घरच्या मैदानावर सलग एकोणीस सामने जिंकलो, ते कौशल्यावर.

१९८३ साली बक्षीस म्हणून डुक्कर मिळालं. त्याचं नाव आम्ही 'करंडक' ठेवलं. पोरं कापायला निघाली, तेव्हा आमचा प्रशिक्षक ताम लुओंग आडवा उभा राहिला. म्हणाला, करंडक कापत नसतात. पुढच्या पुरात करंडक पोहत पलीकडच्या गावी गेला आणि त्यांनी त्याला कापला. हे पुस्तिकेत घालावं की नाही, विचार चालू आहे.

त्रुक दुपारी आली आणि नावांवर अडली.

"काका, गोलकीपरचं नाव नम. नम म्हणजे पाच. मग हे घरातले पाचवे?"

"नाही, चौथा."

"मग पाच का?"

"कारण आमच्या दक्षिणेत थोरल्याला दोन म्हणतात."

"मग एक कोण?"

"एक कोणी नाही."

तिने पेन खाली ठेवलं. मी तिला पुढचं सांगितलंच नाही, की तामदादा मैदानाबाहेरून "पाचाला दे रे!" म्हणून ओरडायचा तेव्हा त्याला घरातला पाच हवा असायचा की पाठीवरचा, हे कुणालाच कळायचं नाही. नम गोलकीपर, त्याच्या पाठीवर एक. पाठीवर पाच होता चिनच्या, आणि चिन म्हणजे नऊ. सा देकच्या सामन्यात या गोंधळात आम्ही आपल्याच गोलात दोनदा चेंडू घातला. पण तो तामदादाचा दोष. माझ्या यादीत आकडे बरोबर होते.

१९ डिसेंबर, सोमवार

आज कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. नऊ वर्षांची कागदपत्रं, सगळी क्रमवार. न्यानला वाटत होतं डब्यात बिस्किटं आहेत. एवढी वर्षं तिने उघडून पाहिलं नाही, ही मात्र तिची शिस्त.

तान आनच्या तेत स्पर्धेसाठी मी केलेल्या आठ अर्जांच्या नकलाही त्यात आहेत. जिल्ह्याबाहेरची खरी मोठी स्पर्धा ती एकच. दर वर्षी अर्ज करायचो, उत्तर नाही. पोरं मला विचारून विचारून थकली. तामदादा तर दर पावसाळ्यात म्हणायचा, "एकदा तान आनला खेळलो की मी मरायला मोकळा."

आणि तारा! त्या वाचताना माझं मलाच कौतुक वाटलं. आमच्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी खुणा असतात. खूण बदलली की शब्द बदलला, भूत असेल तिथे आई येते. पण तारेत खुणा जात नसत. सगळी अक्षरं उघडीबोडकी यायची आणि त्यांना कपडे घालायचे मी. गिरणीत तार आली की सगळे म्हणायचे, साउला बोलवा. मी लाल पेन्सिल घेऊन उभ्या उभ्या खुणा देऊन टाकायचो. आमचे व्यवस्थापक चाळीस वर्षं नोकरी करून पहिल्या ओळीवर अडखळायचे. ही कला आता गेली.

शेवटची तारही सापडली. जानेवारी १९८७. 'दोय बाँग याय तान आन तेत.' खाली माझ्या लाल खुणा. संघ बरखास्त, तेत साजरा करा.

काय दिवस होता तो. खळ्यावर सगळे उभे होते, मी मोठ्याने वाचली आणि एकदम सामसूम झाली. पण वरचं खातं माणुसकीचं होतं, हेही नोंदवलं पाहिजे. संघ मोडतानासुद्धा सणाच्या शुभेच्छा द्यायला विसरले नाहीत. पोरं रडत रडत घरी गेली आणि तेत साजरा केला. महिन्याभराने जिल्ह्याचं पत्र आलं, 'घडल्या प्रकाराबद्दल आपल्या संघाचे नाव यादीतून कमी करण्यात येत आहे.'

घडला प्रकार म्हणजे काय, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. तारेच्या आठ दिवस आधी जिल्ह्याच्या बैठकीत तामदादा एका चष्मेवाल्या साहेबाला म्हणाला होता, "माझ्या बदकांनासुद्धा तुमच्यापेक्षा ऑफसाइड जास्त कळतं." तेव्हा त्याच्याकडे बदकं नव्हतीसुद्धा. ती त्याने नंतर पाळली.

२३ डिसेंबर, शुक्रवार

साक्षी गोळा करायला नम बेडकाच्या कॉफीच्या टपरीवर गेलो. दोन्ही पायांनी एकदम उडी मारायचा म्हणून बेडूक. आता त्याचं पोट टेबलाच्या आधी येतं. तिथे चिनही होता, आमचा डावीकडचा खेळाडू. तो हल्ली होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. दोघांनी मिळून मला चार सामन्यांचे सात वेगवेगळे निकाल सांगितले.

फक्त बरखास्तीवर दोघांचं एकमत.

"तामने संघ मारला," नम म्हणाला. "जीभ आवरली नाही त्याला. माझं वय तेव्हा सव्वीस होतं साउ, सव्वीस! अजून दहा वर्षं मी गोलात उभा राहिलो असतो."

"तू उभा राहायचास कुठे? लोळायचास," चिन म्हणाला.

"तुझ्या पासमुळे लोळायचो! पण मी शपथ घेतली ती घेतली. ताम लुओंगने माझ्या टपरीची पायरी चढायची नाही."

तामदादा खरंच कधी आला नाही. पंचवीस वर्षं तो कालव्याच्या पलीकडे एकट्याने कॉफी पितो. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

चिनने एक विचित्र गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी इंजिनाचे भाग आणायला तो तान आनला गेला होता. तिथल्या दुकानदाराने राच मुओपचं नाव ऐकलं आणि तावातावाने म्हणाला, "तुम्ही लोक आला का नाहीत हो? आम्ही अकरा माणसांची जेवणं केली होती!"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, मी एकटाच आलोय, आणि जेवून आलोय."

दुकानदार दारू प्यायलेला असणार, असं मी चिनला सांगितलं. हे काही इतिहासात घालण्यासारखं नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण इतिहासकाराने सत्यापासून पळू नये.

काल संध्याकाळी त्रुकचा मोबाइलवर निरोप आला. हल्लीची पोरं निरोपात खुणा देत नाहीत, आळशी. मला काय, माझा हातखंडा विषय. वाचलं, 'उद्या कार्यालयात येताना आठवणीने कूदादाला घेऊन या.'

कू म्हणजे आमचा होडीवाला. त्याचा आणि संघाचा काय संबंध, हे मला कळेना, पण सरकारी कामात प्रश्न विचारू नयेत. सकाळी त्याला उठवलं. त्याने लग्नातला कोट घातला. बायकोने त्याच्या केसांना खोबरेल लावून भांग पाडला. त्याची होडी दिवसभर बंद, त्यामुळे अर्धं गाव शाळेला आणि बाजाराला गेलं नाही.

कार्यालयात त्रुकने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, हे कोण?"

"कूदादा. तूच तर मागवलेस."

ती पोट धरून खुर्चीत बसली. तिने लिहिलं होतं 'आन्ह कू', म्हणजे जुने फोटो. 'कूदादा' लिहिलं तरी खुणांशिवाय तसंच दिसतं.

कू बिचारा कोट सावरत म्हणाला, "आता आलोच आहे, तर माझाच एक फोटो काढा."

तिने काढला. परत येताना होडीत कू दर वल्ह्यागणिक माझ्यावर पाणी उडवत होता. चूक सरळसरळ त्रुकची आहे. खुणा न देता लिहायचं आणि वाचणाऱ्याला हसायचं! न्यानला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही का हो, की नक्की काय म्हणायचंय?"

विचारायचं काय त्यात? मला वाचता येतं.

३ जानेवारी २०१२, मंगळवार

तामदादाकडून खारवलेली अंडी आली. दर वर्षी तेतच्या आधी येतात. संघातल्या प्रत्येकाच्या घरी एक टोपली, वर चिठ्ठी नाही, निरोप नाही. अंडी ठेवून जाणारा माणूस उंबऱ्यावर थांबतसुद्धा नाही. नम बेडूक शपथेच्या नावाने ती खात नाही, सासऱ्याला देतो. मी खातो. माणसाने चूक केली आणि आपल्या परीने भरपाई करत असेल, तर तिचा मान राखावा. यंदाचे बलक फारच सुंदर आहेत, केशरी.

६ जानेवारी, शुक्रवार

शेवटचं प्रकरण, 'बरखास्ती: एका जिभेची करणी'. मी न्यानला मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज मध्येच भरून आला. माझाच.

ती म्हणाली, "पुस्तिका शाळांतून वाटणार म्हणता. तामदादांचा नातू चौथीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. छापायच्या आधी त्यांना एकदा वाचून दाखवा."

गेलो. कूने अजून राग धरला आहे, त्याने मला पलीकडे नेऊन बांधाऐवजी चिखलात उतरवलं. तामदादा बदकांमागे होता, हातात लांब बांबू. सत्तरीचा झाला आहे. मी बांधावर उभा राहून सगळं प्रकरण वाचलं. बदकं फार ओरडत होती, त्यामुळे चांगली वाक्यं वाया गेली.

"बरोबर लिहिलंयस," तो म्हणाला. "माझ्या तोंडामुळे गेला संघ. लिही माझं नाव."

"दादा, हवं तर जरा सौम्य करतो. तुझा नातू..."

"त्याला मी सांगून ठेवलंय. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं." मग थोडा वेळ बदकं मोजल्यासारखं करून म्हणाला, "पोरांची नावं मात्र नीट घाल रे साउ. एकसुद्धा सुटता कामा नये. त्यांचं वाटोळं केलं मी."

मला त्याचं वाईट वाटलं. पण इतिहास हा इतिहास.

११ जानेवारी, बुधवार

त्रुक तारेचा फोटो काढायला आली होती. तिच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला तिने तारेतला मजकूर मोबाइलवरून पाठवला, अर्थात खुणांशिवाय. तो सहकारी तान आनचा आहे. त्याचं लगेच उत्तर आलं, ते तिने मला वाचून दाखवलं. 'अरे वा, तुमच्या संघाला तान आनच्या तेत स्पर्धेचं बोलावणं होतं? कुठल्या साली?'

मी म्हटलं, तुझ्या मित्राला वाचता येत नाही.

 तिने कागदाच्या तुकड्यावर तार पुन्हा लिहिली, माझ्या लाल खुणा सोडून. मग एकेका शब्दावर बोट ठेवत हळूहळू वाचू लागली. "दोय बाँग, म्हणजे संघ. याय, म्हणजे स्पर्धा. तान आन. तेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "'याय तान' एकत्र घेतलं तर बरखास्त होतं, आणि 'आन तेत' म्हणजे तेत साजरा करा, तेही खरंय काका. दोन्ही होतं."

ती गेल्यावर मी तो तुकडा उलटा करून ठेवला.

१२ जानेवारी, गुरुवार

आज काही विशेष घडलं नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

आजही नाही. न्यानने जेवताना अंडं वाढलं. मी खाल्लं नाही. ती म्हणाली, पोट बिघडलंय का. मी हो म्हणालो.

१४ जानेवारी, शनिवार

मुद्देसूद विचार केला.

एक, तार करणाऱ्याने पूर्ण वाक्य लिहायला हवं होतं. दोन, व्यवस्थापकांनी तपासायला हवं होतं. तीन, तारेत खुणा जात नाहीत हा तारखात्याचा दोष. चार, मी आठ वर्षं अर्ज केले, त्यांनी उत्तर द्यायला आठ वर्षं लावली.

चारही मुद्दे बिनतोड आहेत. तरी दादाची अंडी खाववत नाहीत. 'घडल्या प्रकाराबद्दल', म्हणजे आम्ही गेलो नाही त्याबद्दल. अकरा माणसांची जेवणं केली होती त्यांनी.

१६ जानेवारी, सोमवार

आज चुलीचा देव वर जातो. वर्षभर घरात काय काय झालं, ते स्वर्गात सांगायला. न्यानने त्याच्यापुढे शेंगदाण्याची चिक्की ठेवली. तोंड गोड केलं की आपल्याबद्दल बरं बोलतो, किंवा दात चिकटतात आणि बोलतच नाही. ती हात जोडून उभी होती. मी तिच्या मागे. मला काय झालं कोण जाणे, एकदम म्हणालो, "न्यान, संघ तामदादाने नाही मारला. मी मारला."

तिने मागे वळून पाहिलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग चिक्कीची अर्धी वडी देवापुढून उचलून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खा आणि निघा. देव दुपारी जातो, त्याच्या आधी तुम्ही सांगा."

कूने आज तोंड पाहून ओळखलं असावं, सरळ बांधाला लावली होडी.

तामदादा पाण्यात गुडघाभर उभा होता. मी तार आणि त्रुकचा कागद पुढे केला. बोलायचं पाठ करून आलो होतो, वीस-पंचवीस वाक्यं होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "दादा, 'तान'वर खूण चुकीची दिली मी."

त्याने हात लांब करून कागद डोळ्यांपासून दूर धरला. वाचला. पुन्हा वाचला, ओठ हलवत. त्याच्या दुसऱ्या हातात बांबू होता आणि मला वाटलं, आता बसतो डोक्यात. बसला असता तरी मी हललो नसतो.

"म्हणजे," तो म्हणाला, "आपल्याला बोलावलं होतं?"

"हो दादा."

"तान आनला?"

"हो."

"हाकललं नव्हतं आपल्याला?"

"नाही. आपण गेलो नाही म्हणून मग नाव काढलं."

तो बांधावर बसला. बदकं शेजाऱ्याच्या शेतात शिरली होती, त्याने पाहिलंसुद्धा नाही. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड हसत होतं. "बोलावलं होतं रे साउ," तो म्हणाला. "फोलपटांना तान आनने बोलावलं होतं."

मी म्हटलं, दादा, मला शिव्या दे. पंचवीस वर्षं तू...

"देतो ना. घाई काय आहे?" त्याने डोळे पुसले आणि दिल्या. काही शिव्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. शेवटी दम लागला तेव्हा म्हणाला, "गाढवा, आठ वर्षं अर्ज कोण लिहीत होतं? तान आन, तान आन, तान आन! आणि ते गाव समोर आलं तर तुला ओळखता आलं नाही?"

"अर्जात खुणा होत्या दादा."

यावर तो इतका हसला, की मी त्याला धरून ठेवला. नाहीतर पाण्यातच गेला असता.

१८ जानेवारी, बुधवार

टपरीवर नम आणि चिनला सांगितलं. मुद्दाम सकाळी, गिऱ्हाईक असताना. 'ध'चा 'मा' करणाऱ्याने चारचौघांतच सांगावं.

चिनने आधी विचारलं, "म्हणजे तो दुकानदार प्यायलेला नव्हता?"  नमने गाळणीतली कॉफी तशीच ठेवली, टपरीची फळी लावली आणि गिऱ्हाइकांना बाहेर काढलं.

"तुला नंतर बघतो," तो मला म्हणाला. "पंचवीस वर्षं मी त्या माणसाला पायरी चढू दिली नाही. तुझ्या शब्दावर!" मग तरातरा कालव्याकडे गेला. सव्वाशे किलोचा माणूस कूच्या होडीत बसला, तेव्हा होडीच्या कडेला पाणी लागलं.

तासाभराने दोघे आले. पायरीपाशी तामदादा थांबला. नम त्याच्या मागे उभा राहून खालमानेने म्हणाला, "चढ ना दादा." दादा चढला. बसला. नमने आणलेली कॉफी त्याने एक घोट घेऊन खाली ठेवली आणि म्हणाला, "कडू आहे. पलीकडे बरी मिळते." नमचा जीव भांड्यात पडला.

उद्या इतिहास द्यायचा. मी सांगितलं, शेवटचं प्रकरण फाडलं आहे, नवीन लिहिलं आहे. ही चूक माझी, साउ थिनची, असं पहिलंच वाक्य आहे. दादाने ते वाचलं आणि मान हलवली.

"ठीक. पण हे प्रकरण अपुरं आहे."

"काय राहिलं?"

"तान आनला कोण खेळणार होतं ते. अकरा नावं लागतात."

मग संध्याकाळपर्यंत संघ निवडणं चाललं. इतकी भांडणं संघ जिवंत असताना झाली नव्हती. चिनला डावीकडे घ्यावं तर १९८६ च्या डिसेंबरात त्याचा घोटा सुजला होता. चिन म्हणे, तेतपर्यंत सूज उतरली असती. नमने स्वतःचं नाव स्वतःच सुचवलं आणि दादाने पाच मिनिटं मुद्दाम विचार केला. नम घामाघूम. मी विचारलं, चिटणीस म्हणून मी संघाबरोबर जाईन ना? सगळे एकदम म्हणाले, "तू घरी!" दादा म्हणाला, "तिकिटं तू वाचलीस तर आपण कंबोडियात उतरू."

यादी पुरी झाली तेव्हा दादाने मला लिहायला सांगितलं. एकेक नाव सावकाश. उजव्या बाजूला हाय तोआन. मी लिहिता लिहिता थांबलो, कारण हाय तोआन जाऊन सहा वर्षं झाली. मधल्या फळीतले दोघंही आता नाहीत. दादाच्या लक्षात आहे की नाही कळेना, मी त्याच्याकडे पाहिलं.

"लिही," तो म्हणाला. "तेव्हा तिघंही फॉर्मात होते."

 मी अकराही नावं लिहिली, खाली 'प्रशिक्षक ताम लुओंग' लिहिलं आणि त्याच्याखाली त्याने सांगितलं ते वाक्य. 'तान आनच्या तेत स्पर्धेसाठी राच मुओपच्या संघाला बोलावणे आले होते.'

पेन खाली ठेवलं. तामदादाने कागद जवळ ओढला, नमचा चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्या नावापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकेका अक्षरावर बोट ठेवून सगळ्या खुणा तपासल्या.